पणजोबा कशाने गेले?

गेल्या डिसेंबरात एका घरगुती कामानिमित्त दुबईस जाण्याचा योग आला. करामा भागात आमच्या एका मावसभावाचे पंचवीस वर्षांपासून बिऱ्हाड आहे; तेथेच उतरलो. त्याच सुमारास त्याच्या वृद्ध आत्याबाईही लोदहून आल्या होत्या. २०२० च्या नोव्हेंबरात दुबई आणि तेल अवीव यांच्या दरम्यान थेट विमाने सुरू झाली, तेव्हापासून आमच्यासारख्या विखुरलेल्या कुटुंबांची मोठीच सोय झाली आहे. ठाण्याचे नातलग आणि लोद-अश्दोदचे नातलग यांना मध्यावर भेटावयाचे, तर दुबई दोघांसही सारखीच पडते.

रात्री जेवणे आटोपल्यावर मावसभावाच्या थोरल्या मुलाने टेबलावर एक मोठा कोरा कागद अंथरला आणि पट्टी-पेन्सिल घेऊन तो आत्याबाईंच्या शेजारी बसला. मुलगा सव्वीस वर्षांचा, पेशाने इंजिनियर. दोन महिन्यांपूर्वी मित्रांबरोबर फुटबॉल खेळत असता तो एकाएकी कोसळला होता. दोन मिनिटांत शुद्धीवर आला आणि 'उन्हाने झाले असेल' म्हणून घरी परतला. पण आईने हट्ट धरून त्यास डॉक्टरांकडे नेले. ई.सी.जी. बिघडलेला निघाला. पुढे इको केला तेव्हा हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधील भिंत १९ मिलिमीटर जाड भरली. निरोगी माणसात ती साधारणतः ११-१२ मिलिमीटरच्या आतच असते; १५ च्या वर गेली आणि रक्तदाबासारखे दुसरे कारण नसले, म्हणजे डॉक्टर एका विशिष्ट विकाराचा संशय घेतात. त्याचे नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूची अकारण वाढ. डॉक्टरांनी औषध तर दिलेच; पण जाताना सांगितले की, पुढच्या खेपेस तीन-चार पिढ्यांची माहिती लिहून आणा. कोण, कोणत्या वयात, कशाने गेले.

"आजी, पणजोबा नेमके कशाने गेले?" मुलाने विचारले.

"उन्हाने," आत्याबाई म्हणाल्या. "वैशाखात बाजाराला निघाले होते. वाटेत पडले ते उठलेच नाहीत. सदतीस वर्षांचे होते. मी सहा वर्षांची."

पेन्सिल कागदावर थांबली. मग आत्याबाईंना आपला धाकटा भाऊ आठवला. तो एकतिसाव्या वर्षी मुंबईत लोकल पकडावयास धावला आणि फलाटावरच गेला. त्या वेळी 'हार्टफेल' एवढेच सांगण्यात आले होते. ऊन आणि हार्टफेल, ही दोन कारणे साठ-सत्तर वर्षे निरनिराळ्या कप्प्यांत पडून होती. त्या रात्री ती प्रथमच एका कागदावर एकाखाली एक आली.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे. परंतु त्या कागदाने मला इतके अस्वस्थ केले की, परत आल्यावर या विषयावर जे विश्वसनीय वाचावयास मिळाले ते वाचून काढले. त्यातील काही भाग वाचकांसमोर ठेवीत आहे.

हा विकार वैद्यकास नीट कळला त्याला अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९५८ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील डॉ. डोनाल्ड टीअर यांनी आठ तरुण व्यक्तींची हृदये तपासून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. भिंतीची वाढ एकाच बाजूस झालेली होती, आणि बहुतेकांना मृत्यू अचानक आला होता. तीनच वर्षांनी, १९६१ साली, कॅनडातील क्विबेक प्रांतातल्या कोटिकुक येथील एका कुटुंबाची हकीकत डॉ. पारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्या घराण्यात तरुण माणसे पिढ्यानपिढ्या अवचित मरत आली होती. पुढे याच घराण्यातील मंडळींनी रक्ताचे नमुने दिले. त्यांवरून हार्वर्ड येथील सायडमन दांपत्याच्या प्रयोगशाळेने १९८९ साली दोष चौदाव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले, आणि १९९० साली तो दोष हाती लागला. हृदयाचे आकुंचन घडवून आणणाऱ्या मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदलले होते. हजारो अक्षरांचा मजकूर, त्यात एका अक्षराची चूक, आणि तिच्यापायी एका घराण्यातील इतकी माणसे!

येथे 'अक्षर' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्या प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा जो लांबलचक धागा आहे, त्यावर चारच रासायनिक अक्षरांत शरीराच्या सर्व प्रथिनांची कृती लिहिलेली असते. एका प्रथिनाची कृती म्हणजे एक जनुक. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यापाशी असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. हृदयस्नायूच्या या विकारात बहुधा एकच प्रत सदोष असली तरी पुरते. म्हणून बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी.

या विकारात सर्वाधिक आढळणारे दोष दोन जनुकांत आहेत. एक वर सांगितलेल्या मायोसिनचे. दुसरे अकराव्या गुणसूत्रावरचे, मायोसिनला बांधून राहणाऱ्या 'सी' नावाच्या प्रथिनाचे. दुसऱ्याचे काम आवर घालण्याचे आहे. आपल्या वाडवडिलांनी कोकणात तेलाचे घाणे चालविले, तेव्हा वाचकांस हा दाखला पटावा: बैल घाण्यास जुंपला म्हणजे त्याने फिरावे हे खरे, पण त्यास योग्य वेळी थांबविणारा माणूसही जवळ लागतो. 'सी' प्रथिन कमी पडले की मायोसिनला विश्रांती मिळत नाही; हृदय गरजेपेक्षा जोराने आवळले जाते आणि नीट सैल पडत नाही. वर्षानुवर्षे असे चालल्यावर भिंत जाड होते, स्नायूचे तंतू वेडेवाकडे वाढतात, मध्ये व्रणासारखे तंतुमय भाग तयार होतात, आणि तेथूनच ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका उद्भवतो. दर पाचशे माणसांत निदान एकाच्या हृदयाची भिंत अशी जाड असते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही, ही गोष्टही तितकीच खरी.

हृदय जाड होण्याऐवजी सैल व मोठे होण्याचाही एक आनुवंशिक प्रकार आहे. त्यात टायटिन या शरीरातील सर्वांत मोठ्या प्रथिनाचा दोष पुष्कळ वेळा सापडतो, हे २०१२ साली उघडकीस आले. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची हकीकत. २००९ साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेतील डॉ. थंगराज, तसेच डॉ. धंडापाणी आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी यांनी 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. या 'सी' प्रथिनाच्या जनुकातून एके ठिकाणी २५ अक्षरे गळालेली आढळतात. हा अभाव भारतीय उपखंडातील दर शंभर माणसांत सुमारे चौघांत असतो, आणि तो असलेल्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण सुमारे सातपट दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. शंभराहून अधिक भारतीय समाजगटांतील सहा हजारांवर व्यक्तींची तपासणी त्यांनी केली होती. ही गळती सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वी घडली असावी, असाही त्यांचा अंदाज होता. त्रास बहुधा प्रौढ वयात, मुलेबाळे झाल्यावर सुरू होतो. त्यामुळे निसर्गाने ती छाटून टाकली नाही, अशी उपपत्ती मांडली गेली.

ही बातमी त्या काळी वृत्तपत्रांतून पुष्कळ गाजली. आजमितीस संयुक्त अरब अमिरातींत पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. शेकडा चार या हिशेबाने त्यांतील सव्वा लाखाहून जास्त माणसे ही गळती बाळगून असतील. बेने इस्राएलांविषयी म्हणाल, तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्या जनुकसंचात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वारशांचा मोठा अंश आढळला आहे. तेव्हा ही गळती आपल्यांतही काहींच्या वाट्यास आलेली असणे अशक्य नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि हे पुढचे प्रकरण वृत्तपत्रांत त्या मानाने फारच थोडे आले. २०१८ साली अमेरिकेतील दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांचा अभ्यास झाला. त्यात ही २५ अक्षरे गळालेल्यांपैकी काहींच्या त्याच जनुकात आणखी एक बदल आहे, आणि हृदयाच्या कामातील फरक त्यांच्यात दिसतो, असे आढळले. २०२० साली दुसऱ्या एका शास्त्रज्ञगटाने स्नायू जाड होण्याच्या विकारापुरता प्रश्न बराचसा सोडविला. ही गळती असलेल्यांतील अगदी थोड्यांच्या त्याच धाग्यावर एक वेगळा, दुर्मिळ आणि खरोखर घातक बदल बसलेला असतो. धोका त्या बदलाचा. तो नसेल तर केवळ २५ अक्षरांच्या अभावाने हा विकार जडण्याची शक्यता वाढलेली दिसत नाही. घातक बदल गळतीच्या सोबतीने प्रवास करीत होता, म्हणून आळ गळतीवर आला होता. पहिल्या संशोधकांस मी दोष देत नाही. त्यांनी दार उघडले म्हणूनच इतरांस आत शिरून नीट पाहता आले. मात्र दरम्यानच्या दहा-अकरा वर्षांत किती भारतीयांनी असा अहवाल हाती घेऊन रात्री जागून काढल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

आमच्या भाच्याचेच पाहा. त्याच्या जनुकचाचणीच्या अहवालात दोन गोष्टी नमूद होत्या: एक ती २५ अक्षरांची गळती, आणि दुसरा त्याच जनुकातील घातक ठरलेला एक वेगळा बदल. घरच्यांनी इकडेतिकडे वाचून पहिल्या गोष्टीचीच धास्ती घेतली होती. डॉक्टरांनी समजावले की खरे कारण दुसरे आहे, आणि घरातील इतरांची तपासणी त्या दुसऱ्याचीच करावयाची. अशा अहवालांत आणखी एक तिसरा प्रकार असतो, ज्याचा अर्थ अद्याप कोणासच निश्चित सांगता येत नाही असा बदल. जगातील जनुकविषयक माहितीचा साठा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचा असल्यामुळे आपल्या वाट्यास असे अनिश्चित शेरे अधिक येतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत सर्रास आढळणारे निरुपद्रवी बदल घातक म्हणून गणले गेले होते, हे २०१६ साली उघड झालेच आहे.

अमिरातींनी ही उणीव ओळखलेली दिसते. अरबांमधील आनुवंशिक विकारांची नोंद ठेवण्यासाठी दुबईत २००३ साली सेंटर फॉर अरब जिनोमिक स्टडीज ही संस्था स्थापन झाली. पुढे दहा लाख नागरिकांचा जनुकसंच वाचण्याचा अमिराती जिनोम कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यामागे सबळ कारण आहे: १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील नागरिकांचे सुमारे निम्मे विवाह नात्यातच झालेले आढळले होते. जानेवारी २०२५ पासून लग्न करू इच्छिणाऱ्या नागरिकांस जनुकचाचणी सक्तीची झाली आहे. अबुधाबीत या चाचणीत ५७० जनुके तपासली जातात.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. विवाहपूर्व चाचणीचा मुख्य रोख अशा विकारांवर असतो, ज्यांत वधू-वर दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मूल आजारी होते. थॅलेसिमिया हे त्याचे परिचित उदाहरण. हृदयस्नायूचेही असे काही विकार आहेत. 'सी' प्रथिनाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर अर्भकाचे हृदय पहिल्या काही महिन्यांतच थकते. मामेबहिणीशी लग्न करण्याची महाराष्ट्रातील अनेक जातींची चाल, किंवा आपल्यासारख्या लहान ज्ञातीत पिढ्यानपिढ्या आपसांतच होत आलेल्या सोयरिकी, यांचा विचार या ठिकाणी अवश्य करावा. परंतु आमच्या भाच्याचा विकार एकाच बाजूने येणारा आहे. जोडीदार कोणत्याही कुळातील आणला तरी निम्म्या शक्यतेत फरक पडत नाही.

शिवाय ही सक्ती नागरिकांस आहे, बाहेरून आलेल्या भारतीयांस नाही. आपल्या माणसांची तेथील तपासणी म्हणजे निवासी परवान्याची: रक्त काढावयाचे, छातीचा क्ष-किरण फोटो घ्यावयाचा. माणसाकडून माणसास लागणारे रोग त्यात शोधतात. बापाकडून मुलास येणारा रोग शोधणे हे त्या तपासणीचे कामच नव्हे, आणि त्यासाठी त्या सरकारास बोल लावता येणार नाही. पण परवान्यावर 'योग्य' असा शिक्का पडला की आपण ठणठणीत आहोत, अशी समजूत पुष्कळांची होते. माझ्या भावाचीही होती. मुलानंतर त्याचा इको केला तेव्हा त्याची भिंत १४ मिलिमीटर निघाली. घरात विकार ठाऊक असता १३ ही पुरेसे मानतात. पंचावन्न वर्षे काडीचा त्रास नाही, आणि विकार त्याच्याचकडून पुढे गेलेला!

त्या वाळवंटी हवेत एक गोष्ट विशेष जपावी लागते. जाड भिंतीमुळे ज्यांच्या हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद झालेली असते, त्यांना शरीरातील पाणी कमी होणे बाधते. कप्पा पुरता भरत नाही आणि वाट अधिकच आवळते. अमिरातींत दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे तो सर्वांच्याच भल्याचा; अशा रुग्णांनी तर तो खेळास आणि व्यायामासही लावून घ्यावा. किप्पूरचा निर्जळी उपास धरण्यापूर्वी त्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारावे. आणखी एक: आपल्याकडे छातीत दुखले की शेजारीपाजारी जिभेखाली ठेवावयाची गोळी काढून देतात. वाट अरुंद झालेल्या हृदयास ती गोळी अपाय करू शकते. ती स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बुद्धीने घेऊ नये.

उपाय पुष्कळ आहेत, हे मुद्दाम सांगतो. ठोके मंद करणाऱ्या जुन्या स्वस्त गोळ्यांनी अनेकांचे भागते. भिंतीचा वाढलेला भाग शस्त्रक्रियेने कापता येतो, किंवा लंडनमध्ये उलरिश सिगवार्ट यांनी १९९४ साली प्रथम केले त्याप्रमाणे धमनीतून मद्यार्क सोडून तेवढाच स्नायू सुकविता येतो. मायोसिनचा अतिरेक आवरणारे मॅव्हाकॅम्टेन हे औषध अमेरिकेत २०२२ साली मान्य झाले. अबुधाबीच्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये त्या देशातील पहिले हृदयरोपण झाले; पण तेथवर जावे लागणारे थोडे. ज्यांना अचानक मृत्यूचा धोका अधिक, त्यांच्या छातीत काडेपेटीहून थोडे मोठे यंत्र बसवितात. लय बिघडताच ते आतूनच विजेचा झटका देऊन ठोका पूर्ववत करते. त्याचे जनक डॉ. मिशेल मिरोव्स्की. वॉर्साचा हा यहुदी मुलगा महायुद्धातून वाचला, पुढे डॉक्टर होऊन इस्राएलात काम करू लागला. तेल हाशोमेर येथील त्यांचे गुरू प्रा. हेलर १९६६ साली अशाच लयबिघाडाने गेले, तेव्हापासून त्यांनी या यंत्राचा ध्यास घेतला. हे शक्य नाही असे अनेक नामांकित तज्ज्ञांनी त्यांस सांगितले होते. १९८० च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर येथे ते प्रथम एका रुग्णाच्या शरीरात बसविले गेले. आमच्या भाच्यास ते बसविले आहे.

राहता राहिला त्या रात्रीचा कागद. मुलाने पणजोबांच्या चौकोनावर तिरकी रेघ मारली व शेजारी ३७ लिहिले. मग त्याने आपल्या बहिणीचे वर्तुळ काढले, तेव्हा आत्याबाईंनी त्याचा हात धरला.

"तिचे नको लिहूस. तिचे जमायचे आहे. उद्या हा कागद कुणी पाहिला तर?"

कोणी काही बोलेना. मग ती मुलगीच स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "माझी चाचणी झाली, आजी. माझ्यात ते नाही. असते तरी मी लिहायलाच लावले असते. सांगायचे त्याला मी लग्नाआधी सांगितलेच असते."

त्या मुलीस यापुढे वारंवार इको करण्याचे कारण नाही. घरात नेमका बदल सापडला असला म्हणजे तो नसणाऱ्यांची अशी सुटका होते. ज्या घरात तो सापडत नाही, तेथे मात्र जवळच्या सर्व नातलगांनी ई.सी.जी. आणि इको ठरावीक वर्षांनी करून घ्यावे लागतात. मुलांनी एक-दोन वर्षांनी, प्रौढांनी तीन ते पाच वर्षांनी. धावताना आलेली घेरी, जिना चढताना लागणारी धाप, छातीत होणारी धडधड ही दमा किंवा आम्लपित्त म्हणून सोडून देऊ नये; आणि घरात कोणी चाळिशीच्या आत अवचित गेलेले असेल तर मुळीच नाही.

आत्याबाई लोदला परतल्यावर त्यांच्या तिन्ही मुलांनी तपासणी करून घेतली. एकात बदल सापडला. या फेब्रुवारीत त्यांचा दुबईस फोन आला, तो याविषयी नव्हता. त्यांना रात्री एकाएकी आपली एक आत्या आठवली होती. पहिल्या बाळंतपणानंतर महिन्याभरात, दम लागून लागून ती गेली. घरात सगळे त्यास बाळंतरोग म्हणत. वय बावीस की तेवीस. नावही धड आठवत नाही, लाडाने तिला सारे बायो म्हणत. मुलाने कागद पुन्हा काढला, पणजोबांच्या शेजारी एक वर्तुळ जोडले, त्यावर रेघ मारली आणि बाजूला प्रश्नचिन्ह घातले.